बर्फाच्या स्तुपाच्या गावी

मनमाडच्या माणसाला पाण्याची किंमत कोणी शिकवावी लागत नाही. पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळ येण्यात आमच्या दोन पिढ्या गेल्या. पिंपे, हंडे, कळशा, रॉकेलचे रिकामे डबे, जे सापडेल ते भरून ठेवायचे आणि पुन्हा वाट पाहायची. १९३८ साली बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद ज्या गावी भरली, ते हे आमचे गाव. हे आधी सांगायचे कारण असे की, लडाखला जाऊन आम्ही डोंगर कमी पाहिले आणि पाणीच जास्त पाहिले. वाचकांनी तेवढे समजून घ्यावे.

आम्ही अकरा जण होतो. पाच बाया, चार बापे आणि दोन शाळकरी पोरे. बहुतेक सगळी रेल्वे कारखान्यातली किंवा कारखान्यातून निवृत्त झालेली कुटुंबे. बोधगया, सारनाथ, कुशीनगर आमचे झाले होते. दीक्षाभूमी तर दर वर्षाचीच. विहारातल्या रविवारच्या बैठकीत एका मावशींनी विषय काढला, "आपल्याच देशात एक मुलूख आहे, तिथे घरोघर बुद्धाची मूर्ती आहे. मरायच्या आधी तो पाहायचा." मग तीन वर्षे भिशी लावली आणि जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात झेलम एक्स्प्रेसने निघालो. अंबाल्याला उतरून पुढे बसने मनाली.

मनालीबद्दल फार लिहीत नाही. जुलै २०२३ मध्ये बियास नदीला महापूर आला होता, त्याच्या खुणा काठाकाठाने दिसत होत्या. अर्धवट खचलेला रस्ता, नदीत लोंबणाऱ्या भिंती, आणि त्यांच्याच शेजारी नव्या हॉटेलाचे उभे राहणारे खांब. ज्या पाण्याने घर नेले त्याच पाण्याच्या कडेला पुन्हा घर! आमच्यातल्या एका निवृत्त फिटरदादांनी नुसती मान हलवली. बर्फ बघायला आलेले लोक आता मनालीत थांबत नाहीत, गाड्या काढून बोगद्यापलीकडे लाहौलमध्ये जातात. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेला हा अटल बोगदा नऊ किलोमीटरचा आहे. बर्फ मागे सरकला, तशी लोकरीचे कोट आणि गमबूट भाड्याने देणारी माणसेही त्याच्या मागोमाग वर सरकली, असे आमच्या ड्रायव्हरने सांगितले. पोटासाठी माणूस काय करणार!

पुढचे दोन दिवस नुसता चढ. झाड नाही, गवत नाही. तांबडे, पिवळे, जांभळे डोंगर. तंगलंग ला ही खिंड सतरा हजार फुटांच्या वर आहे. तिथे पोचण्याआधीच आमच्यातल्या एका वहिनींचे डोके फुटायला आले, ओठ निळे पडले, ओकाऱ्या सुरू झाल्या. ड्रायव्हर मोठा सावध माणूस. फोटोला थांबायचे नाही, म्हणाला, आणि गाडी दामटत खाली आणली. खाली येईल तसे वहिनींचे तोंड उजळत गेले. हवा विरळ असते, प्राणवायू कमी पडतो. त्याला औषध एकच, ते म्हणजे खाली उतरणे. कोणी जाणार असेल तर लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस अंथरुणात काढा, पाणी भरपूर प्या, आणि दम्याचा, हृदयाचा त्रास असेल त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये.

खिंड उतरल्यावर ग्या नावाचे गाव लागते. ड्रायव्हरने रस्त्याकडेच्या ओल्या जागेकडे बोट दाखवले. "थंडीत इथे बर्फाचे हॉटेल असते." आम्हांला वाटले थट्टा करतो. पण गोष्ट खरी. या गावच्या पोरांनी २०१९ च्या हिवाळ्यात बर्फाचा मोठा मनोरा उभारला, त्याच्या पोटात टेबलखुर्च्या मांडल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा विकला. त्या चहाचे पैसे मिळाले, आणि मनोरा वितळल्यावर त्याचे पाणी शेताला मिळाले. आम्ही गेलो तेव्हा तिथे चिखल आणि दोन-चार पाइप एवढेच होते. तरी आमची पोरे उतरून तो चिखल पाहून आली.

लेहमध्ये आम्ही साध्याशा हॉटेलात उतरलो. तीन दिवसांची धूळ अंगावर. बाथरूमचा नळ सोडला तर धो धो गरम पाणी! मनमाडच्या माणसाला याहून मोठा स्वर्ग कोणता? आम्ही अकराही जणांनी मनसोक्त आंघोळी केल्या. मावशींनी तर सगळ्यांचे कपडे धुवून काढले, गॅलरीत दोऱ्या बांधल्या. दुपारी गच्चीत उभे राहिलो तर गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याच्या मागे डब्यांची रांग. तीच रांग, तेच डबे, पदराने घाम पुसण्याऐवजी टोपीने पुसणाऱ्या बाया एवढाच काय तो फरक. मावशी वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहत राहिल्या. संध्याकाळपर्यंत त्या कोणाशी धड बोलल्या नाहीत.

लडाख बाहेरच्या पर्यटकांना खुले झाले १९७४ साली. त्या वर्षी तिथे आलेल्या पाहुण्यांची संख्या होती ५२७. २०२२ साली पाच लाखांच्या वर माणसे आली. सगळ्या लडाखची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत पावणेतीन लाखही भरली नव्हती. म्हणजे घरातल्या माणसांच्या दुप्पट पाहुणे, आणि तेही बहुतेक उन्हाळ्याच्या चार-पाच महिन्यांत. या पाहुण्यांना लागते शॉवर, फ्लशचा संडास, रोज धुतलेली चादर. आणि पाऊस किती? लेहला वर्षभरात मिळून सुमारे १०० मिलिमीटर. मुंबईत २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, यावरून अंदाज करावा. मग हॉटेलांनी बोअर मारले. एकाने मारला की शेजाऱ्याने त्याहून खोल. खाली संडासाचे शोषखड्डे, त्यांच्याच बाजूला बोअर. आमच्याकडे हे प्रकार पाहून झालेले असल्याने आम्हांला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

तिसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे खेड्यात राहायला गेलो. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. घरच्यांनी मोकळेपणाने जे सांगितले त्याचा त्यांना उपसर्ग व्हायला नको. लडाखमध्ये 'होमस्टे' नावाची पद्धत आहे. शेतकऱ्याच्या घरातली एक खोली पाहुण्यांना द्यायची, ते खातील ते यांनी खायचे. हिम बिबट्याच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला हेमिसच्या जंगलातल्या गावांत हे सुरू करून दिले. बिबट्या शेळ्या-मेंढ्या मारतो म्हणून लोक त्याला मारत. तोच बिबट्या पाहायला पाहुणा आला, पैसे घरच्या बाईच्या हातात पडले, तेव्हा बिबट्याही जगला. आता ही पद्धत पुष्कळ गावांत आहे.

घरच्या आजीला सगळे 'अमा-ले' म्हणत. अमा म्हणजे आई, 'ले' म्हणजे आपल्याकडचे 'जी'. भेटल्यावर 'जुले' म्हणायचे. आम्ही 'जुले' म्हटले, त्यांनी हात जोडले. मग मावशींनी 'जयभीम' म्हटले आणि त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा अमा-लेंनीही तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मिठाचा, लोण्याचा चहा. आमच्यापैकी अर्ध्यांना तो काही उतरला नाही. जवाचे भाजलेले पीठ मात्र सगळ्यांना आवडले. सातूच्या पिठासारखेच.

आता एक गोष्ट लिहायला थोडा संकोच वाटतो, पण ती लिहिली पाहिजे. तिथला संडास कोरडा असतो. वरच्या मजल्यावर एक खोली, जमिनीला चौकोनी भोक, कोपऱ्यात मातीचा आणि राखेचा ढीग, एक फावडे. काम झाले की फावडेभर माती खाली लोटायची. पाण्याचा थेंब लागत नाही, आणि खरे सांगायचे तर वासही येत नाही. हिवाळ्यात पाइप गोठून फुटतात तेव्हा हॉटेलातले फ्लश बंद पडतात, हे मात्र चालू राहते. पण ते भोक पाहून आमच्या फिटरदादांचा चेहरा उतरला. त्यांच्या आजीने नगरपालिकेत डोक्यावरून मैला वाहिलेला. त्यांनी जेवणाच्या वेळी विचारलेच, "खालचे कोण उपसते?"

मुलाने भाषांतर केले. अमा-लेंना प्रश्न कळलाच नाही. पुन्हा विचारला. त्या म्हणाल्या, "कोण म्हणजे? आम्हीच. मी, माझा मुलगा, सून. वसंतात शेतात नेऊन टाकतो. त्याच्याशिवाय जव कसे येणार?"

दादा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आणखी थोडे पीठ वाढा."

आता पाण्याची गोष्ट. लडाखची शेती म्हणजे डोंगरावरच्या बर्फाची शेती. बर्फ वितळते, ओढा होतो, ओढ्याचे पाट, पाटाचे शेत. पाण्याची पाळी लावायला गावाने नेमलेला माणूस असतो, त्याला 'छुरपोन' म्हणतात. पेरणी करायची एप्रिल-मे महिन्यांत, कारण उन्हाळा लहान. उशीर केला तर पीक पिकायच्या आत थंडी येते. पण उंचावरची हिमनदी भरात वितळते ती जूनमध्ये. म्हणजे पाणी हवे तेव्हा नाही, आणि नंतर आहे तर वाहून जाते. जुन्या काळी हिवाळ्यात खालच्या डोंगरावरही भरपूर बर्फ पडे, ते पेरणीच्या वेळेला वितळून निभावून नेई. आता थंडी कमी झाली, खालचे बर्फ कमी झाले, हिमनद्या मागे हटल्या. झांस्कर भागातले कुमिक गाव तर पाणी आटल्यामुळे खाली नदीकाठच्या माळावर घरे बांधायला लागले. ज्यांनी धूर केला ते दूर शहरांत, आणि गाव उठले ते यांचे.

यावर पहिला इलाज शोधला छेवांग नोर्फेल या सरकारी इंजिनिअरांनी. हिवाळ्यात नळ गोठून फुटू नये म्हणून तिकडे तो चालूच ठेवतात. ते वाया जाणारे पाणी त्यांनी पाहिले. वेगाने वाहणारा ओढा गोठत नाही, पण झाडांच्या सावलीत रेंगाळणारी धार गोठते, हेही पाहिले. मग १९८७ साली फुक्से गावी त्यांनी ओढ्याचे पाणी डोंगराच्या सावलीत वळवले, पायऱ्या-पायऱ्यांनी दगडी बांध घातले, वेग मोडला. पाणी थरावर थर गोठत गेले. गावाच्या जवळ आणि कमी उंचीवर असल्याने हे बर्फ हिमनदीच्या आधी, ऐन पेरणीला वितळते. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे ऐकून आमच्या फिटरदादांना फार आनंद झाला. दगड, माती, पाइप आणि डोके, एवढीच सामुग्री! कारखान्यातला माणूस असाच विचार करतो, म्हणाले.

दुसरा इलाज सोनम वांगचुक यांचा. मे महिन्यात एका पुलाच्या सावलीत त्यांना बर्फ टिकलेले दिसले. म्हणजे उंची नव्हे, ऊन हा शत्रू. सपाट बर्फाला ऊन फार लागते. तेच बर्फ शंकूसारखे उभे केले तर पोटात पाणी पुष्कळ आणि उन्हाला अंग थोडे. वरच्या ओढ्यातून जमिनीखालून पाइप आणायचा, गावाजवळ तो उभा करायचा. उंचीच्या जोराने पाणी आपोआप कारंज्यासारखे उडते. वीज नाही, पंप नाही. रात्री शून्याखाली वीस अंश थंडी असते, थेंब खाली पडेपर्यंत गोठतो. पहिला प्रयोग २०१३-१४ च्या हिवाळ्यात झाला, पुढच्या वर्षी फ्यांग गावी साठ फुटांच्या वर मनोरा उभा राहिला आणि तो जुलैच्या सुरुवातीपर्यंत टिकला. आकार स्तुपाचा, म्हणून नाव बर्फाचा स्तूप.

आमच्या मावशींना हे नाव खटकले होते. स्तुपात धातू असतात, तो वंदनेचा. पाण्याच्या टाकीला स्तूप कसे म्हणायचे? त्यांनी तसे विचारले. अमा-ले हसल्या. मुलाने सांगितले ते असे, "स्तूप म्हटल्यावर लोक त्यावर थुंकत नाहीत, पाइप चोरत नाहीत." मावशींना ते उत्तर पटले की नाही ते ठाऊक नाही. आम्हांला पटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाहायला गेलो. गावाच्या वर तासाभराची चाल, आमच्या पावलांनी दोन तास. फोटोत पाहिलेला उंच पांढरा सुळका आमच्या वाट्याला आला नाही. जून उजाडला होता. आमच्या चाळीतल्या एका खोलीएवढा मळकट ढीग उरला होता, वर कललेला पाइप, त्याला फाटकी पताका. पण बुडातून पाण्याची करंगळीएवढी धार चालू होती. एकसारखी, न थांबता. पोरांनी ओंजळ धरली. मावशींनी चपला काढल्या आणि तिथल्या दगडावर बसल्या. त्रिसरण म्हटले नाही, काही नाही. नुसत्या बसल्या.

हा सगळा इलाज गोडच आहे असे समजू नये. वरच्या गावाने हिवाळ्यात पाणी अडवून गोठवले की खालच्या गावाच्या मनात शंका येते. त्यावरून तंटे झाले आहेत. पाइप मध्येच गोठतो, तो रात्री दोन वाजता कडाक्याच्या थंडीत जाऊन मोकळा करावा लागतो. आणि पोरे तर लेहला हॉटेलात नाही तर टॅक्सीवर. करणार कोण? तिसऱ्या बाजूला ढगफुटीचे भय. ५ ऑगस्ट २०१०च्या रात्री लेहवर ढग फुटला. दोनशेच्या वर माणसे गेली. चोगलमसर वस्ती चिखलाखाली गाडली गेली. तिथली घरे मातीची, छपरे मातीची. पाऊस नाहीच म्हणून बांधलेली. पाणी नाही म्हणूनही मरायचे आणि आले म्हणूनही मरायचे, अशी ती दुहेरी गत.

त्या रात्री अमा-लेंच्या शेताची पाळी होती. आमच्यातल्या दोघी त्यांच्याबरोबर बॅटरी घेऊन गेल्या. पाटाचे तोंड मातीने बुजवलेले असते, ते कुदळीने फोडायचे, शेजाऱ्याचे बुजवायचे. थंडीने हात बधिर झाले होते. वाट पाहिली, आणि मग अंधारात सरसर आवाज आला. त्या दोघी परत आल्या त्या हसत, साड्या गुडघ्यापर्यंत भिजलेल्या. अमा-ले त्यांच्याकडे बोट दाखवून सुनेला काही म्हणाल्या. सुनेने सांगितले, "अम्मा म्हणतात, या पाहुण्या नाहीत, या पाण्याच्या गावच्या आहेत." आता मनमाडला पाण्याचे गाव म्हणणारी ही जगातली पहिलीच बाई असावी.

त्या घरातही एक दुखणे होते. मुलाच्या मनात खालच्या शेतात आठ खोल्यांचे गेस्ट हाऊस बांधायचे होते. नातेवाइकाने लेहजवळ बांधले, तो गाडीतून फिरतो. जवाच्या शेतातून किती सुटते? अमा-लेंचे म्हणणे, आठ खोल्या म्हणजे आठ बाथरूम, पाणी कुठले? मुलगा म्हणे बोअर मारू. हा वाद आमच्यासमोर झाला. आम्हांलाच विचारले, तुम्ही बाहेरचे, तुम्हांला काय हवे असते? आम्ही एकमेकांकडे पाहिले. तीन दिवसांपूर्वीच्या आंघोळी आठवल्या. मावशी म्हणाल्या, "आम्हांला एक बादली पुरते." मुलगा नम्रपणे म्हणाला, "तुम्हांला पुरते, मावशी. सगळ्यांना नाही पुरत." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

काहीजण दुसऱ्या वाटा काढत आहेत. उन्हाळ्यातली गर्दी हिवाळ्याकडे वळवायची म्हणून बर्फावरची हॉकी, बर्फाच्या भिंतीवर चढणे, थंडीत हिम बिबट्या पाहणे असे चालते. खेलो इंडियाचे हिवाळी खेळ २०२४ साली लेहला झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये गोठलेल्या पँगाँग सरोवरावर एकवीस किलोमीटरची शर्यत झाली आणि तिला नावच 'शेवटची धाव' दिले. बर्फच उरले नाही तर पुढे धावायचे कुठे, हा तिचा अर्थ. झांस्कर नदीच्या गोठलेल्या पाण्यावरून चालण्याची 'चादर' नावाची वाट प्रसिद्ध आहे, तिथे बर्फ नीट धरत नाही म्हणून प्रशासनाला ती मध्येच थांबवावी लागते. त्यापेक्षा हानले गावचा धंदा आम्हांला जास्त शहाणपणाचा वाटला. तिथले आकाश काळेभोर, म्हणून तो भाग काळोख राखण्यासाठी राखीव केला, गावच्या मुला-मुलींना दुर्बिणी दिल्या, चालवायला शिकवल्या. ते पाहुण्यांना तारे दाखवतात. ताऱ्यांना पाणी लागत नाही!

परतीच्या वाटेवर दादांनी ड्रायव्हरला विचारले, "तुम्ही सगळे बौद्ध. मग इथे जात नाही ना?" तो गप्प. दोन वळणे गेली. मग म्हणाला, वाजवणारे मोन आणि बेदा, लोहारकाम करणारे गारा, यांना पंक्तीत खाली बसवतात, त्यांच्याशी लग्ने होत नाहीत. आता कमी झाले आहे. त्यांच्या घरी होमस्टे आहेत का, असे विचारले. तो म्हणाला, "मला माहीत नाही." आम्ही ज्या घरी राहिलो तिथे हा प्रश्न विचारला नव्हता, याचे आम्हांला वाईट वाटले. संडासाचा प्रश्न विचारला आणि हा राहून गेला.

आम्ही आल्यानंतर तिकडे बरेच घडले. जमीन आणि पाण्याचा कारभार आपल्या हाती राहावा म्हणून लडाखचे लोक राज्याचा दर्जा आणि घटनेच्या सहाव्या अनुसूचीचे संरक्षण मागत होते. २४ सप्टेंबर २०२५ रोजी लेहमध्ये त्या आंदोलनाला हिंसक वळण लागले, गोळीबारात चार जण गेले. दोन दिवसांनी वांगचुक यांना राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली अटक करून जोधपूरच्या तुरुंगात नेले. बातमी वाचली त्या दिवशी आम्ही अमा-लेंच्या घरी फोन लावत होतो. लागला तो पुष्कळ दिवसांनी. मुलगा म्हणाला, सगळे ठीक आहे, पाहुणे नाहीत. गेस्ट हाऊसचे काय, असे विचारले नाही.

निघताना अमा-लेंनी प्रत्येकीच्या पदरात मूठभर सुके जर्दाळू बांधले होते. गाडी मनमाडला पहाटे तीन वाजता पोचली. रिक्षा वस्तीच्या तोंडाशी आली तर सगळ्या घरांतून दिवे लागलेले, बाया धावत होत्या, कोणीतरी ओरडत होते, "नळ आलाय, नळ!" आम्ही पिशव्या ओट्यावर टाकल्या. मावशींनी पदराची गाठ तशीच कमरेला खोचली आणि पहिला हंडा नळाखाली लावला.